गुडघ्यांत धरलेली टाकी

१९८० सालच्या आइल ऑफ मॅन टीटीत, म्हणजे त्या बेटावरच्या बंद केलेल्या रस्त्यांवर होणाऱ्या मोटारसायकल शर्यतींत, क्लासिक शर्यतीच्या सुरुवातीलाच उत्तर आयर्लंडच्या जोई डनलॉपच्या यामाहाच्या पेट्रोल टाकीचा पट्टा तुटला. घटना एवढीच. शर्यतींच्या इतिहासात तिला एका ओळीपलीकडे जागा मिळत नाही, कारण निकालच तसा होता: जोई जिंकला, होंडावरचा मिक ग्रँट दुसरा आला आणि वर जोईने ताशी ११५.२२ मैलांचा फेरीचा विक्रमही केला. पण मन त्या पट्ट्यापाशीच अडकून राहतं. त्याच्या यामाहाचं, टीझेड ७५० चं, चार सिलिंडरचं टूस्ट्रोक इंजिन पेट्रोल अक्षरशः ढोसतं. सहा फेऱ्यांची, २२६ मैलांची शर्यत, म्हणून थांबे कमी करायला बाइकवर आठ गॅलनची अवाढव्य टाकी चढवलेली होती. आठ ब्रिटिश गॅलन म्हणजे ३६ लिटरच्या वर, नुसतं पेट्रोलच सव्वीस-सत्तावीस किलो. अशी टाकी फ्रेमला घट्ट आवळत नाहीत. आवळली तर इंजिनाच्या थरथरीने पातळ ॲल्युमिनियमच्या जोडावर चीर जाते आणि पेट्रोल गळायला लागतं. म्हणून ती रबराच्या किंवा फोमच्या गाद्यांवर नुसती टेकवतात आणि वरून एक पट्टा तिला दाबून धरतो. तो पट्टा गेला की ब्रेक मारताना टाकी हँडलकडे सरकते, थ्रॉटल उघडला की पोटावर येते, उंचवट्यावर जागेवरून उठते. जोईने ती गुडघ्यांनी आणि मांड्यांनी धरून ठेवली.

यात धाडस आहेच, पण मला त्याहून भावते ती त्यातली कारागिरी. रस्त्यावरच्या शर्यतीत गुडघ्यांचं काम ठरलेलं असतं. ब्रेक मारताना अंगाचा भार गुडघ्यांनी टाकीवर द्यायचा, म्हणजे हात सैल राहतात आणि पुढचं चाक रस्त्याच्या खाचखळग्यांतून आपली वाट आपण काढतं. इथे टाकीच सुटलेली. गुडघे तिला धरण्यात गुंतले की भार मनगटांवर येतो, मनगटं ताठ झाली की हँडल फडफडायला लागतं. म्हणजे ब्रेक थोडा आधी आणि हलका लावायचा, वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल एकदम न देता चढवत न्यायचा, आणि पुलावरून उडायच्या आधी टाकी कुठे जाईल याचा विचार करायचा. हे सगळं करून विक्रमी फेरी. त्याच्या काही आठवडे आधी उत्तर आयर्लंडमधल्या नॉर्थ वेस्ट २०० शर्यतीत त्याचा मेहुणा मर्विन रॉबिन्सन गेला होता. जोई शर्यती सोडण्याचा विचार करत होता.

सोडल्या नाहीत.

उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यात बॅलिमनीजवळ १९५२ साली त्याचा जन्म झाला. डिझेल इंजिनं दुरुस्त करणं, लोखंडी सांगाडे उभारणं, लॉरी चालवणं अशी मिळतील ती कामं त्याने केली. पहिली शर्यत १९६९ साली माघाबेरीला, १९९ सीसीच्या ट्रायम्फ टायगर कबवर. पुढे तो, भाऊ जिम, मर्विन आणि फ्रँक केनेडी या चौघांना लोक आर्मॉय गावावरून ‘आर्मॉय आर्माडा’ म्हणायला लागले. आयर्लंडमधली रस्त्यावरची शर्यत म्हणजे एरवी ट्रॅक्टर आणि दुधाच्या गाड्या जाणारा रस्ता काही तास बंद करून त्यावरून ताशी दीडशे मैलांनी जाणं. टँड्रागी, कुक्सटाउन, डंड्रॉड, सीमेपलीकडे स्केरीज. कडेला कुंपणाच्या झाडीत लपलेल्या दगडी भिंती, तारांचे खांब, आणि खांबांना बांधलेल्या गवताच्या गासड्या. मधोमध पांढरा पट्टा असतो. कोरड्यात ठीक, ओल्यात साबण. रस्ता मध्ये फुगीर आणि कडांना उतरता, त्यामुळे वळणाच्या आतल्या बाजूला उतार मदत करतो पण मधली रेघ ओलांडली की तोच उलटतो. झाडांखालचा भाग पाऊस थांबल्यावरही तासभर वाळत नाही. बंदिस्त ट्रॅकवरची बाइक इथे तशीच आणली तर पहिल्याच मैलात हातातून सुटू पाहते. सस्पेन्शन मऊ करावं लागतं, म्हणजे चाक रस्त्याला चिकटून राहतं. हँडलचे हेलकावे दाबणारा स्टिअरिंग डँपर लागतो, मागचं दातेरी चाक लहान घेऊन गियर लांब करावे लागतात, आणि मागची चेन नेहमीपेक्षा जरा सैल ठेवावी लागते, कारण उडी मारून उतरताना सस्पेन्शन पूर्ण दबतं आणि ताणलेली चेन गियरबॉक्सचं बेअरिंग खाते.

१९७९ च्या नॉर्थ वेस्टमध्ये फ्रँक केनेडीला अपघात झाला आणि त्या जखमांनीच तो पुढे गेला. पुढच्याच वर्षी मर्विन. चौघांतले दोघे, त्याच शर्यतीत, पोर्टस्टुअर्ट, कोलरेन आणि पोर्टरशमधल्या त्याच त्रिकोणावर.

आइल ऑफ मॅनचा डोंगरी मार्ग जोई पहिल्यांदा १९७६ साली लढला आणि पुढच्याच वर्षी ज्युबिली शर्यत जिंकला. हे वाचताना सोपं वाटतं, म्हणून तो मार्ग काय आहे ते नीट बघायला हवं. एक फेरी ३७.७३ मैलांची, म्हणजे ६०.७ किलोमीटर, वळणं दोनशेच्या वर. सुरुवात डग्लस गावातून, समुद्राच्या थोडं वर. मग गावांतून, झाडीतून, रॅम्झीपर्यंत जवळजवळ सपाटीने, आणि तिथून स्नेफेल डोंगरावर ४२० मीटरपर्यंत चढून परत खाली. रायडर एकदम सुटत नाहीत, दहा-दहा सेकंदांनी एकेक सुटतो. त्यामुळे ज्याच्याशी लढायचं तो दिसतच नाही. रस्त्याकडेला आपल्या माणसाने धरलेल्या फळीवर खडूने लिहिलेला आकडा दिसतो, तोही काही मैल जुना. अशा शर्यतीत दुसऱ्याला बघून वेग ठरवता येत नाही. वेग आपल्याजवळच्या माहितीतूनच यावा लागतो: ब्रे हिलच्या तळाला सस्पेन्शन पूर्ण दबून बाइकच्या पोटाखालचं आवरण, फेअरिंग, रस्त्याला घासणार हे माहीत असणं, बॅलॉ पुलावर हवेत जायच्या क्षणी थ्रॉटल किंचित मिटणं, नाहीतर मोकळं फिरणारं मागचं चाक जमिनीला लागताच चेनला असा झटका बसतो की दात किंवा चेनची कडी जाते, आणि मागचं चाक आधी टेकवणं, पुढचं नंतर. असे दोनशे तपशील, प्रत्येकाचा कोरड्यातला एक हिशेब आणि ओल्यातला वेगळा. जोईकडे पाहणाऱ्यांना तो कधी घाईत वाटायचा नाही. मला वाटतं, त्याचं रहस्य म्हणतात ते हेच. पुढच्या वळणाला काय होणार हे कळलेल्या माणसाला घाई करावी लागत नाही.

होंडाने त्याला १९८१ मध्ये घेतलं, आणि १९८२ ते १९८६ अशी सलग पाच वर्षं मोटारसायकलींच्या टीटी फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद त्याच्याकडे राहिलं. या काळाबद्दल खूप लिहिलं गेलंय. कारखान्यातून आलेल्या आरव्हीएफ ७५० बाइक्स, मागे जपानी इंजिनिअर. १९८५ मध्ये टीटीला निघालेली टोर्नामोना ही मासेमारी नौका स्ट्रँगफर्ड लॉकच्या परिसरात खडकावर आपटून बुडाली. जोई आणि सोबतचे वाचले, बाइक्स नंतर पाण्यात बुडी मारणाऱ्यांनी काढल्या, आणि काही दिवसांनी त्याने एकाच आठवड्यात तीन शर्यती जिंकल्या. १९८८ मध्ये पुन्हा तीन. तोवर टीटीत एकूण तेरा विजय, तेव्हाचा विक्रमवीर माइक हेलवुडच्या चौदाला एक कमी.

मग १९८९ च्या गुड फ्रायडेला ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर दुसऱ्या रायडरशी टक्कर झाली. मांडी आणि मनगट मोडलं. त्या वर्षीची टीटी हुकली. रस्त्यावर वीस वर्षं वाचलेला माणूस भिंती नसलेल्या ट्रॅकवर मोडला, यात काहीतरी बोचणारं आहे. त्या मनगटाने मोठ्या बाइकशी झगडणं पुढची काही वर्षं जड गेलं. आणि इथून त्याच्या कारकिर्दीचा जो भाग सुरू होतो, तो मला सगळ्यात प्रिय आहे.

त्याने छोट्या बाइक्स जवळ केल्या. होंडाची आरएस १२५ आणि आरएस २५०. मोठ्या बाइकवर कारखान्याची माणसं काम करायची. या छोट्या मात्र बऱ्याच अंशी त्याच्या स्वतःच्या हातच्या. रात्र-रात्र गॅरेजमध्ये बसून इंजिन खोलणारा, कुणाला काय केलं ते न सांगणारा माणूस ही त्याची ओळख तेव्हाची. ज्यांनी आरएक्स १०० चा प्लग काढून त्याचा रंग पाहिलाय त्यांना या कामाची चव थोडीफार कळेल. रेसच्या १२५ टूस्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, साधारण तीस भागांना एक, म्हणजे दहा लिटरला जेमतेम ३३० मिलीलिटर. पिस्टनला वंगण मिळतं ते याच मिश्रणातून. आणि मिश्रण किती जाणार हे कार्ब्युरेटरमधल्या मेन जेटच्या बारीक भोकावर ठरतं. भोक मोठं असेल तर इंजिन जड, गुरगुरतं, वरच्या आरपीएमला पोचत नाही. लहान असेल तर इंजिन सुरेख गातं, घड्याळात वेळ दिसतो, आणि आत पिस्टन तापत जातो. सगळ्यात वेगवान जेट आणि पिस्टन जाळणारा जेट यांत एका नंबराचं अंतर असतं.

आता हे डोंगरी मार्गावर लावून बघा. त्या काळी सराव पहाटे पाचच्या सुमाराला असायचा. हवा थंड, ओलसर, दाट. शर्यत दुपारी. दहा अंश तापमान वाढलं की हवा सुमारे साडेतीन टक्के विरळ होते, म्हणजे पहाटेचा बरोबर जेट दुपारी जड. शिवाय एकाच फेरीत समुद्रपातळीपासून ४२० मीटरपर्यंत चढायचं. तिथे हवा आणखी चारेक टक्के विरळ. डग्लसमध्ये बरोबर असलेलं इंजिन डोंगरावर थोडं जड होणारच, आणि डोंगरासाठी बरोबर केलेलं इंजिन खाली सल्बीच्या सरळ रस्त्यावर, जिथे थ्रॉटल बराच वेळ पूर्ण उघडा असतो, भाजून निघणार. तडजोड नेहमी खालच्या बाजूची करायची, डोंगरावर थोडा वेग सोडायचा. प्लग वाचायचा तोही सरळ रस्त्याच्या शेवटी, थ्रॉटल उघडा असतानाच क्लच ओढून इंजिन बंद करून, नाहीतर हळूहळू पिटपर्यंत आणलेल्या प्लगवर भलताच रंग दिसतो. चिनीमातीच्या मुळाशी बारीक तपकिरी कडं हवं. इंजिनाचं डोकं उघडल्यावर पिस्टनच्या कडेला वाळूने टोचल्यासारखे ठिपके दिसले तर इंजिन ठोकत होतं, जेट ताबडतोब मोठा करायचा. इंजिन थंड असताना जोर दिला तर आणखी वेगळा धोका: पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगतो आणि चार जागी घासून अडकतो. म्हणून पाणी साठ अंशांच्या आसपास आल्याशिवाय निघायचं नाही आणि गार दिवशी रेडिएटरवर चिकटपट्टी लावायची.

इतकं करूनही इंजिन जाम होतं, आणि होतं तेव्हा बहुधा सरळ रस्ता संपताना. थ्रॉटल मिटला की पेट्रोल थांबतं, पेट्रोलबरोबर तेलही थांबतं, आणि तापलेला पिस्टन मात्र बारा हजारांच्या आसपासच्या आरपीएमला तसाच कोरडा वरखाली होत राहतो. मागचं चाक एका क्षणात अडकतं. म्हणून टूस्ट्रोक रायडरची डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर असतात; आवाज बदलला की ओढायचा, विचार करायचा नाही. १९९८ मध्ये टीटीच्या आधी टँड्रागीला पडून जोईच्या डाव्या हाताच्या अनामिकेचा भाग गेला, हातही मोडला. त्याच हाताने त्याने त्या वर्षीची २५० ची शर्यत जिंकली, कोसळत्या पावसात. पावसात इंजिन थंड, हवा दाट, रस्ता निसरडा, आणि क्लचवरचा पंजा अर्धवट. हा विजय मला त्याच्या कुठल्याही विक्रमापेक्षा मोठा वाटतो.

१२५ चा वर्ग टीटीत १९८९ मध्ये परत आला तेव्हा पहिली तीन वर्षं तो धाकट्या भावाने, रॉबर्टने जिंकला. १९९२ मध्ये जोईने त्याला मागे टाकलं आणि हेलवुडची बरोबरी केली. १९९३ मध्ये पुन्हा १२५ वरच पंधरावा विजय. जगातल्या सगळ्यात मोठ्या रस्ता-शर्यतीतला सगळ्यात मोठा विक्रम मोडला गेला तो सत्तर किलोच्या आसपासच्या, चाळीसेक हॉर्सपॉवरच्या बाइकवर.

शर्यती नसताना तो बॅलिमनीत आपल्या बारच्या काउंटरमागे असायचा, नाहीतर व्हॅन भरत असायचा. कपडे, अन्न, औषधं घेऊन तो रुमानिया, अल्बानिया, बोस्नियाला जायचा, अनाथालयांपर्यंत, बहुतेकदा एकटा. गाजावाजा नाही, सोबत कॅमेरा नाही. १९९६ चा ब्रिटनचा ओबीई किताब त्याला या कामासाठी मिळाला. शर्यतींसाठीचा एमबीई दहा वर्षं आधीच मिळाला होता. उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा कोण कुठल्या चर्चमध्ये जातो यावरून माणसं मरत होती, आणि कुंपणाशी उभे राहून पिवळ्या हेल्मेटची वाट बघणाऱ्यांत दोन्ही बाजूंचे लोक असत. त्याच्या गप्प राहण्याचं मात्र मला पूर्ण कौतुक करता येत नाही. घरी पत्नी लिंडा आणि पाच मुलं होती. न सांगता निघून जाणाऱ्या माणसाच्या घरात वाट बघण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं.

२००० साली तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. होंडाची नवी दोन सिलिंडरची व्ही-ट्विन बाइक एसपी-वन मे महिन्यात नॉर्थ वेस्टला सरळ रस्त्यावरही डोलत होती. मोठं इंजिन, ताठ फ्रेम, बंदिस्त ट्रॅकसाठी बेतलेलं सस्पेन्शन. आयरिश रस्त्यावर असं होणारच होतं. होंडाने मग वर्ल्ड सुपरबाइकमधल्या आरन स्लाइटच्या बाइकचं इंजिन मागवून दिलं आणि सस्पेन्शनवर नव्याने काम झालं. फॉर्म्युला वनला डोंगरावर कुठे ओलं, कुठे कोरडं. असा दिवस तरुणाचा नसतो. डेव्हिड जेफरीजशी सेकंदा-सेकंदाची लढत चालली, मग जेफरीजचा क्लच गेला, आणि जोईने सहा फेऱ्या सुमारे १ तास ५२ मिनिटांत संपवून ही शर्यत बारा वर्षांनी पुन्हा जिंकली. त्याच आठवड्यात २५० आणि १२५ पण. शेवटच्या सीनिअर शर्यतीत तो तिसरा आला, पण त्यातली ताशी १२३.८७ मैलांची फेरी त्याच्या आयुष्यातली सगळ्यात वेगवान होती.

महिन्याभरात तो व्हॅनमध्ये बाइक्स घालून एस्टोनियाला गेला. तालिनजवळचा पिरिता-कोसे-क्लोस्ट्रिमेत्सा मार्ग, दोन्ही बाजूंना झाडं, त्या दिवशी पाऊस. २ जुलैला त्याने ७५० ची आणि ६०० ची शर्यत जिंकली होती. १२५ मध्ये पुढे असताना बाइक घसरली आणि तो झाडावर आदळला. दोन महिन्यांनी टीटी नव्हती, मोठं बक्षीस नव्हतं, करार नव्हता. त्याला तिथे जायचं होतं म्हणून तो गेला होता. या गोष्टीचा राग येतो, आणि रागाबरोबर हेही कळतं की असा न जाणारा जोई डनलॉप त्या जूनमध्ये तीन शर्यती जिंकलाच नसता. बॅलिमनीत अंत्ययात्रेला पन्नास हजारांच्या आसपास माणसं आली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २००८ च्या नॉर्थ वेस्टच्या सरावात रॉबर्टच्या २५० चं इंजिन भर वेगात जाम झालं आणि तो गेला. दोन दिवसांनी त्याचा मुलगा मायकल त्याच वर्गाची शर्यत जिंकला. २०१८ मध्ये दुसरा मुलगा विल्यम स्केरीजला गेला. तरी मायकल थांबला नाही. २०२४ मध्ये त्याने काकाचा २६ विजयांचा टीटी विक्रम ओलांडला, आणि तेव्हापासून दोघांत मोठा कोण हा वाद रंगतो. मायकलचं श्रेय कुणी काढून घेऊ नये. आजचा वेग जोईच्या काळी कल्पनेतही नव्हता. फक्त जोईचे २६ जरा सुटे करून बघावेत. त्यातले पाच १२५ वर आहेत, आठ २५० वर. म्हणजे बरोबर अर्धे विजय त्या छोट्या टूस्ट्रोकवर, जिथे हवेचं तापमान मोजून मिश्रण बदलण्याचं काम आजच्यासारखं सेन्सर करत नव्हता. २००४ नंतर ते दोन्ही वर्ग डोंगरी मार्गावरून काढून टाकले. आजच्या रायडरला ते तेरा विजय मिळवायची सोयच उरलेली नाही, आणि आकड्यांची तुलना करणाऱ्याने निदान एवढं तरी धरून बोलावं.